शून्याची दुप्पट: गिटार, इक्वलायझर आणि जवारी

कोल्हापुरातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनातला प्रसंग. अकरावीचा मुलगा साधी गिटार वाजवत होता. ठराविक दोन-तीन स्वर आले की सारे सभागृह घुमे. आवाज कमी केला, तर मागे ऐकू येईना. अखेर खालच्या पट्टीचे, म्हणजे ‘बास’चे, बटण थोडे उलटे फिरवले आणि घुमणे थांबले.

गिटारच्या पेटीतली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास सहज कंप पावते. पाचवी तार मोकळी छेडली तर तिचा स्वर 110 हर्ट्झचा, म्हणजे अगदी शेजारचा. पेटीने तो वाढवला, स्पीकरने आणखी वाढवला आणि तोच आवाज पुन्हा पेटीत शिरला. तेवढीच पट्टी कमी केली की हे चक्र तुटते. इक्वलायझरचे काम एवढेच: एखादी पट्टी उचलायची किंवा दाबायची.

पण त्या तारेतून 110 बरोबर 220, 330, 440 हर्ट्झचे उपस्वरही निघतात. त्यांच्या कमी-जास्त प्रमाणावर नादाची जात ठरते. म्हणून बटणे फिरवली की तीच गिटार कधी गोड, कधी धारदार वाटते.

मग हवा तो नाद बटणाने मिळवता येईल का? नाही. तार बरोबर मध्यावर छेडली, तर ज्यांचा निस्पंद मध्यावर असतो ते सम क्रमांकाचे उपस्वर उमटतच नाहीत. विद्युत गिटारमध्ये आणखी एक गंमत आहे. तारेखालचे चुंबकीय पिकअप फक्त आपल्या डोक्यावरची हालचाल टिपते. ते मोकळ्या तारेच्या एक चतुर्थांश लांबीवर असेल, तर चौथा उपस्वर तारेत असूनही त्याला कळत नाही. सहा डेसिबल वाढवणे म्हणजे आयाम दुप्पट करणे. शून्याची दुप्पट शून्यच!

इथे कोल्हापूरहून जवळच असलेल्या मिरजेकडे पाहावे. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची घोडी किंचित गोलाईदार असते. तार तिच्यावर पुन्हापुन्हा टेकते, सुटते. खाली सरकवलेले सूत ही टेकण्याची जागा नेमकी करते. हीच जवारी. कारागीर कानस आणि कान यांच्याच भरवशावर ती साधतात, आणि मला तरी ते कोणत्याही मिक्सरपेक्षा अवघड वाटते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले की, अशा घोडीमुळे छेडण्याच्या जागेने वगळलेले उपस्वरही जोरकस उमटतात. जवारी पट्ट्या उचलत नाही. एका उपस्वराची ऊर्जा दुसऱ्याला देते. विद्युत गिटारवाले ‘डिस्टॉर्शन’ वापरतात, तेव्हा नवे उपस्वर निर्माण करण्याचे असेच काम, अर्थात वेगळ्या मार्गाने, विद्युत मंडल करते.

वर्गात करून पाहा. साध्या गिटारची तार नेमक्या मध्यावर छेडा आणि क्षणभराने तिथेच बोट अलगद टेकवा. आवाज जवळजवळ विझतो. आता पाव लांबीवर छेडून मध्यावर बोट टेकवा; वरच्या सप्तकातला स्वर ऐकू येईल. मग जवारी लावलेला तंबोरा घ्या आणि मध्यावर छेडून मध्यावरच बोट टेकवा. वरचा स्वर तिथे गातच राहतो. सूत काढून पुन्हा करा आणि काय बदलते ते मुलांनाच सांगू द्या.