टेस्ट बार आणि हृदयाची धमनी

उचगावचे एक गृहस्थ गेल्या वर्षी माझ्याकडे तपासणीला आले होते. वय पन्नाशीच्या आत. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीच्या प्रयोगशाळेत नोकरी. हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि स्टेंट बसवून आठ महिने झाले होते. मी विचारले, "मामा, गोळ्या वेळच्या वेळी चालू आहेत ना?" ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "बाकीच्या घेतो. कोलेस्टेरॉलची तेवढी बंद केलीया. ती म्हनं सशा-उंदरांवर तपासून काढल्याली. आमी काय ससं हाय व्हय, डाक्टरसाहेब?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी त्यांना उलट विचारले, "तुम्ही फौंड्रीत टेस्ट बार तोडता, तो कशासाठी?" ते म्हणाले, "हीट बरूबर हाय का बघायला. गिऱ्हाईकाचं कास्टिंग कोन फोडून बघंल?"

मंडळी, आजच्या विषयाचे सार या उत्तरात आले. जिवंत माणसाची धमनी कापून आत काय चालले आहे ते पाहता येत नाही. शिवाय हा आजार झटक्याने येतो असे वाटले, तरी तो तसा येत नाही. कोरियाच्या युद्धात मेलेल्या तीनशे अमेरिकन सैनिकांची हृदये डॉक्टरांनी तपासली. त्यांचे सरासरी वय होते अवघे बावीस. १९५३ साली जाहीर झालेल्या या पाहणीत चारांपैकी तिघांच्या धमन्यांत रोगाच्या खुणा आढळल्या. म्हणजे विशीत सुरू झालेली गोष्ट पन्नाशीत उघडकीला येते. तीस वर्षे थांबून एकेक औषध तपासायला कोणाला सवड आहे? म्हणून संशोधकांना धमनीचा टेस्ट बार लागतो.

पहिला टेस्ट बार ठरला ससा. १९१३ साली रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिचकोव्ह यांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना खाऊ घातले. काही आठवड्यांत सशांच्या धमन्यांच्या भिंतीत चरबीचे थर दिसू लागले. शोध मोठा होता, पण अनेकांनी तो बाजूला सारला. त्यांचे म्हणणे असे, की ससा पडला शाकाहारी, त्याला कोलेस्टेरॉल पचणार कसे? आणि हाच आहार उंदीर-कुत्र्यांना दिला तर त्यांना काहीच होत नाही. आक्षेप अगदी खोटा नव्हता. पण निष्कर्ष घाईचा होता. एका प्राण्याला रोग होतो आणि दुसऱ्याला होत नाही, यातच शिकण्यासारखे काही आहे, हे उमगायला बराच काळ जावा लागला.

याच घाईपायी एक मोलाचे औषध हातचे जाणार होते. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी सहा हजारांहून अधिक बुरशी आणि सूक्ष्मजीव तपासले आणि १९७३ साली एका बुरशीतून शरीरातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पदार्थ वेगळा केला. तो मोठ्या उंदरांना दिला, तर त्यांचे कोलेस्टेरॉल तसूभरही उतरले नाही. दुसरा कोणी असता तर वही मिटून मोकळा झाला असता. एंडोंनी विचार केला, की उंदरात मुळात माणसासारखे घातक कोलेस्टेरॉल थोडेच असते, मग उतरणार काय? अंडी देणाऱ्या कोंबडीच्या रक्तात मात्र ते भरपूर असते, कारण ते अंड्याच्या बलकात जायचे असते. १९७६ साली त्यांच्या सहकाऱ्याने कोंबड्यांवर प्रयोग केला आणि कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आले. आज ज्यांना आपण स्टॅटिन म्हणतो, त्या गोळ्यांचा जन्म हा असा झाला. उचगावच्या मामांनी बंद केलेली गोळी याच घराण्यातली.

पुढे १९९२ साली अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी उंदराचे एक जनुक निकामी करून असा उंदीर तयार केला, की साध्या खाण्यावरही काही महिन्यांत त्याच्या धमन्यांत थर साचतात. तेव्हापासून हाच उंदीर जगभर सर्वाधिक वापरला जातो. तो लहान, स्वस्त आणि लवकर वाढणारा. पण त्यालाही मर्यादा आहेत. माणसाला झटका येतो तो बहुतेक वेळा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी झाल्यामुळे. उंदरात थर साचतो, पण असा फुटणे विरळा. थर कसा साचतो ते उंदीर सांगेल, झटका केव्हा येईल ते तो सांगणार नाही. डुकराचे हृदय आणि धमन्या आकाराने आपल्या जवळच्या, म्हणून स्टेंटची परीक्षा डुकरावर होते.

काही प्रश्नांना प्राणी लागतच नाही. पंचगंगेच्या वळणावर आतल्या काठाला पाण्याची ओढ मंद होते आणि तिथे गाळ धरतो, हे आपण पाहतो. धमनीतही वळणावर आणि फाटा फुटतो तिथे, जिकडे रक्ताची ओढ मंदावते, त्या बाजूला रोग आधी धरतो. फरक इतकाच, की हा गाळ पृष्ठावर बसत नाही, तो भिंतीच्या आत मुरतो. काच किंवा सिलिकोनच्या नळ्यांतून द्रव खेळवून आणि माणसाच्या पेशी थरासारख्या वाढवून हे प्रयोगशाळेत तपासता येते.

आता मामांच्या शंकेतला खरा भाग सांगतो. टेस्ट बार पातळ असतो आणि कास्टिंग जाड. रस तोच, पण थंड होण्याची चाल वेगळी, म्हणून ताकदही वेगळी भरते. फौंड्रीवाल्याला हे ठाऊक असते. औषधांचेही तसेच. चांगले कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या एका वर्गातल्या औषधाने सशांच्या धमन्या सुधारल्याचे २००० साली दिसले होते. त्याच वर्गातले टॉरसेट्रापिब हे औषध सुमारे पंधरा हजार रुग्णांवर तपासले जात असताना डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते, रक्तदाबही वाढत होता. म्हणून शेवटचा शब्द माणसांवरच्या चाचणीचाच. स्टॅटिनने ती परीक्षा दिली आहे. उत्तर युरोपातील ४,४४४ हृदयरुग्णांवर सुमारे साडेपाच वर्षे चाललेली चाचणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. नुसती नावाची गोळी घेणाऱ्यांत २५६ जण दगावले, स्टॅटिन घेणाऱ्यांत १८२.

आपल्यासाठी आणखी एक प्रश्न उरतो. बावन्न देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो असे दिसले. असे का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे मोजली. वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचे साडेतीन. आपली बाळे दिसायला किडकिडीत, पण त्या मानाने अंगात चरबी राखून. मग ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासमारीची खूण असेल का? माणसांवर हा प्रयोग कोण करणार? पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील आणि सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी मिळून उंदरांच्या पन्नास पिढ्या अर्धपोटी वाढवल्या. २०१५ साली निष्कर्ष आले. या उंदरांत मधुमेहाचा धोका आठपट होता, आणि पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खाऊ घालूनही बिघाड पुसला गेला नाही. मधुमेह हा धमन्यांचा मोठा वैरी. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे इथेही विसरायचे नाही. पण आपल्याच इतिहासाच्या साच्यात ओतलेला हा टेस्ट बार आहे. पोटभर अन्न मिळू लागल्यावर आपल्याकडे मधुमेह का वाढावा, याचा धागा तो हाती देतो.

तेव्हा 'उंदरांवरील प्रयोग यशस्वी' असा मथळा वाचलात, तर हुरळून जाऊ नका आणि हेटाळूही नका. कोणत्या प्राण्यावर, कोणता प्रश्न तपासला आणि माणसांवर चाचणी झाली का, एवढे पाहा. आणि चालू असलेली गोळी बंद करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. शंका विचारायला लाजू नका.

मामांनी त्या दिवशी गोळी पुन्हा सुरू केली. जाताना दारात थांबून म्हणाले, "बार तुटला म्हंजी कास्टिंग वाचलं, असंच की!" मी म्हटले, "तसंच. फक्त कास्टिंगवरही लक्ष ठेवायचं. तीन महिन्यांनी रक्त तपासून या."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)