शर्यतीचे मैदान आणि जमिनीचे मोल : दक्षिण कॅलिफोर्नियातील काही उदाहरणे

अमेरिकेत मोटारशर्यतींची अनेक स्थानिक मैदाने गेल्या अर्धशतकात बंद पडली आणि त्यांच्या जागा जमीनविकास करणाऱ्या कंपन्यांकडे गेल्या. या घटनेचे कारण बहुधा एका वाक्यात सांगितले जाते : लोकांची आवड ओसरली, म्हणून मैदाने गेली. काही ठिकाणी हे खरेही आहे. परंतु तेवढ्याने प्रश्नाचा उलगडा होत नाही. कारण ज्या मैदानांवर अखेरपर्यंत मोठ्या शर्यती होत होत्या, तीही विकली गेली आहेत. यास्तव मूळ कारण खेळाच्या लोकप्रियतेपेक्षा जमिनीच्या मोलात आणि तिच्यावरील हक्काच्या स्वरूपात शोधावे लागते.

प्रारंभी एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. इंग्रजीतील ‘रेसट्रॅक’ हा शब्द घोड्यांच्या आणि मोटारींच्या अशा दोन्ही शर्यतींच्या जागांना लावला जातो. मराठीत रूढ झालेल्या ‘रेसकोर्स’ या शब्दाने मात्र केवळ घोड्यांच्या शर्यतीचा बोध होतो. प्रस्तुत विवेचन मोटारशर्यतींच्या मैदानांपुरते मर्यादित आहे. अशा मैदानात डांबराचा किंवा मातीचा शर्यतमार्ग, प्रेक्षकांसाठी सज्जे आणि वाहने उभी करण्याकरिता विस्तीर्ण मोकळी जागा, एवढ्या गोष्टी असाव्या लागतात. यांपैकी तिसरी गोष्टच पुढे निर्णायक ठरते.

शर्यतीला जागा फार लागते, आणि तिचा आवाज दूरवर जातो. त्यामुळे ही मैदाने सहसा शहराच्या सीमेबाहेर, स्वस्त जमिनीवर वसविली जातात. प्रेक्षकांना तेथे पोहोचता यावे म्हणून महामार्गाचे सान्निध्यही पाहिले जाते. तथापि ज्या महामार्गाने प्रेक्षक येतात, त्याच महामार्गाने शहरही येते. वस्ती मैदानाच्या कुंपणाला भिडते, जमिनीचे भाव चढतात, आणि जी जागा ओसाड म्हणून मिळाली होती, तीच मोक्याची ठरते. मोठ्या शर्यतीचे उत्पन्न वर्षातील मोजक्या दिवसांचे असते. गोदामाचे किंवा दुकानांचे भाडे मात्र बारा महिने येत राहते. हिशेबाच्या वहीत या दोन उत्पन्नांची तुलना होऊ लागली, की शर्यतीची बाजू लंगडी पडते.

ही प्रक्रिया लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडील ‘इनलँड एम्पायर’ या प्रदेशात विशेष स्पष्टपणे दिसते. तेथे तीन मोठी मैदाने एकामागून एक नाहीशी झाली. त्यांपैकी पहिले उभारले गेले ते रिव्हरसाइड येथील. ते १९५७ मध्ये उघड्या माळावर सुरू झाले. भोवती घरांच्या वसाहती वाढत गेल्या आणि १९८४ मध्ये तेथे मोरेनो व्हॅली हे स्वतंत्र शहर स्थापन झाले. १९८९ मध्ये मैदान बंद झाले, आणि १९९२ मध्ये त्या जागी एक मोठे व्यापारी संकुल उघडले.

दुसरे उदाहरण ऑन्टॅरिओ येथील असून ते अधिक बोधप्रद आहे. इंडियानापोलिसच्या प्रख्यात मैदानाचा आदर्श समोर ठेवून येथे अडीच मैलांचा शर्यतमार्ग बांधण्यात आला. तो १९७० मध्ये खुला झाला. खासगी भांडवलदाराऐवजी एका ना-नफा मंडळाने सुमारे २ कोटी ५५ लक्ष डॉलरचे करमुक्त रोखे काढून त्याचा खर्च भागविला होता. जमीन सरासरी ७,५०० डॉलर एकर या भावाने घेण्यात आली होती. १९८० च्या सुमारास तोच भाव एकरी दीड लक्ष डॉलरपर्यंत, म्हणजे वीसपट, गेला. सुमारे ८०० एकरांचे बाजारमूल्य त्या हिशेबाने १२ कोटी डॉलर होत होते. परंतु मैदानाची मिळकत कर्जफेडीस अपुरी पडत असल्याने रोख्यांची किंमत मात्र घसरली होती. शेव्हरॉन या तेलकंपनीच्या जमीनविषयक शाखेने हे अंतर हेरले. तिने मैदान विकत न घेता पडत्या भावाने रोखे विकत घेतले आणि सुमारे १ कोटी डॉलरमध्ये जागेचा ताबा मिळविला. १९८१ मध्ये मैदान जमीनदोस्त करण्यात आले. बांधकामाला तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती.

या व्यवहाराचा मर्म नीट समजून घेतला पाहिजे. मैदान तोट्यात होते हे खरे. पण त्याचा अंत केवळ तोट्यामुळे झाला नाही. तोट्यामुळे रोखे स्वस्त झाले, तर भोवतालच्या वाढीमुळे जमीन महाग झाली. या दोन किंमतींमधील तफावत हीच खरी मिळकत होती, आणि ती मिळविण्यासाठी मैदान चालविण्याची गरज नव्हती; किंबहुना ते नसणेच आवश्यक होते.

तिसरे उदाहरण फोन्टॅना येथील. कैसर कंपनीच्या पोलाद कारखान्याच्या जुन्या जागेवर १९९७ मध्ये दोन मैलांचे मैदान सुरू झाले. येथे ऑन्टॅरिओसारखी कर्जबुडीची स्थिती नव्हती. मैदानाची मालकी खुद्द ‘नॅसकार’ या शर्यती भरविणाऱ्या संस्थेकडे होती. तरीही २०२३ च्या फेब्रुवारीत तेथे शेवटची मोठी शर्यत झाली, आणि सुमारे ४३३ एकर जमीन ५४ कोटी ४० लक्ष डॉलरना विकली गेली. एकरी भाव साडेबारा लक्ष डॉलरहून अधिक पडला. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांत उतरणारा माल साठविण्यासाठी या प्रदेशात गोदामांची मागणी प्रचंड वाढली होती, हे त्यामागचे कारण. उरलेल्या जागेवर अर्ध्या मैलाचे लहान मैदान बांधण्याचा मनोदय जाहीर झाला होता. परंतु विक्री आधी झाली आणि बांधकाम भविष्यावर राहिले. खेळाची धुरा वाहणारी संस्थाच मालक असतानाही मैदान टिकले नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मोठ्या मैदानांच्या शर्यती अन्य शहरी हलविता येतात. लहान मैदानांचे तसे नाही. अर्ध्या मैलाच्या मार्गावर दर आठवड्यास धावणारे स्पर्धक बहुधा त्याच परिसरातले असतात. दिवसा पोटापाण्याचा उद्योग करून रात्री घरच्या आवारात मोटार जुळविणाऱ्यांची ती जागा असते. इंजिन कसे बांधावे, वळणावर गती केव्हा आवरावी, निशाण कोणते व केव्हा दाखवावे, हे ज्ञान तेथे एका पिढीकडून दुसरीकडे प्रत्यक्ष कृतीतून जाते. अर्विनडेल येथील १९९९ मध्ये सुरू झालेले असे मैदान २०२४ च्या डिसेंबरात बंद झाले. त्याची जमीन आधीच एका स्थावर मालमत्ता कंपनीकडे गेली होती. रस्त्यांवरील बेकायदा आणि प्राणघातक शर्यतींना पर्याय म्हणून तरुणांना आपली वाहने सुरक्षितपणे पळविता यावीत, अशी सरळ धावेची सोयही तेथे होती. ती सोय गेली, म्हणून वेगाची ओढ नाहीशी होत नाही.

विक्रीच्या बाजूनेही काही युक्तिवाद आहेत आणि ते डावलता येत नाहीत. शहराला घरे हवी असतात, गोदामांत रोजगार मिळतो, आणि शर्यतीच्या आवाजाचा शेजाऱ्यांना होणारा त्रास काल्पनिक नसतो. शिवाय मैदाने ही काही त्या भूमीची अनादि मालक नव्हेत. ऑन्टॅरिओच्या परिसरात पूर्वी द्राक्षांचे मळे होते आणि फोन्टॅना येथे पोलादाच्या भट्ट्या होत्या. तथापि एक भेद उरतोच. गोदाम दुसरीकडे बांधता येते. मैदान मात्र एकदा मोडले, की जमिनीचा भाव, ध्वनीचे नियम आणि रहिवाशांचा विरोध यांमुळे त्याच शहरात पुन्हा उभे राहणे जवळजवळ अशक्य होते.

मग काही मैदाने टिकली ती कशामुळे? उत्तर कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम येथील बोमन ग्रे मैदान शहराच्या मालकीचे असून १९४९ पासून तेथे नॅसकारच्या साप्ताहिक शर्यती होत आल्या आहेत. टेनेसीतील नॅशव्हिल येथे १९०४ पासून शर्यती होत असलेली जत्रेची जागा पुनर्विकासाच्या धोक्यात आली, तेव्हा २०११ मध्ये नागरिकांनी मतदान करून शहराच्या सनदेतच दुरुस्ती केली. तेथील मोटारशर्यती चालू राहाव्यात आणि नगरसभेच्या दोन-तृतीयांश संमतीवाचून जागा पाडली जाऊ नये, असा निर्बंध तीत घातला गेला. या दोन्ही ठिकाणी जमीन सार्वजनिक आहे. पण केवळ तेवढे पुरेसे नसते. ऑन्टॅरिओचा आरंभही सार्वजनिक हेतूनेच झाला होता. परंतु तेथील जमीन रोख्यांशी बांधलेली होती, आणि रोखे बाजारात कोणालाही घेता येत होते. नॅशव्हिल येथे जागा विनियोगाशी बांधली गेली.

ऑन्टॅरिओच्या जुन्या मैदानाच्या परिसरात आज रस्त्यांना ड्युसेनबर्ग, फेरारी, मर्सिडीज, पोर्शे अशी मोटारींची नावे आहेत. फोन्टॅना येथील नव्या गोदामसंकुलाच्या नावातही ‘स्पीडवे’ हा शब्द राखलेला आहे. स्थलनाम वस्तूपेक्षा अधिक काळ टिकते, हा भाषाभ्यासकांच्या परिचयाचा अनुभव येथेही येतो. नाव जपण्यास जागा सोडावी लागत नाही, म्हणून विकासक ते सहज जपतो. मैदान जपायचे असेल, तर त्याची जमीन विक्रीयोग्य वस्तू होण्यापूर्वीच तिच्या विनियोगाचा निर्णय कायद्याने करून ठेवावा लागतो.