शितावरून प्रकाशाची परीक्षा

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मुकुटावर काचेचे खडे बसवायचं काम चालू असेल, तर जरा वेळ तिथे उभं राहावं. खड्यावर दिव्याचा उजेड पडलेला असतो. मान बोटभर कलवली की लाल ठिणगी चमकते, आणखी थोडी कलवली की तीच हिरवी होते, मग निळी. एवढासा हा खेळ संगणकाच्या पडद्यावर हुबेहूब उतरवायचा, तर हिशेब किती करावा लागेल?

मुळात रंगारंगांतला फरकच किती बारीक आहे, ते पाहा. भिंगं आणि लोलक यांसाठी वापरल्या जाणाऱ्या बीके७ या काचेचा अपवर्तनांक लाल प्रकाशासाठी १.५१४३ आणि निळ्यासाठी १.५२२४ असतो. फरक ०.००८१. ६० अंशांच्या लोलकातून बाहेर पडताना लाल आणि निळा एकमेकांपासून जेमतेम ०.७ अंशाने दुरावतात. पाच मीटरवरच्या भिंतीवर हे अंतर सहा सेंटीमीटर होतं. रंगांचा सगळा पट्टा तिसऱ्या दशांश स्थळावर उभा आहे!

बहुतेक ग्राफिक्स सॉफ्टवेअर प्रकाश लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांत मोजतं. तेवढ्यावर भागवलं, तर लोलकामागे पट्टा उमटत नाही, तीन सुटे डाग उमटतात. नारिंगी, पिवळा हवा असेल तर प्रत्येक किरणाला स्वतःची तरंगलांबी द्यावी लागते. ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत एकेका नॅनोमीटरची पायरी धरली, तर तिनाच्या जागी तीनशे रंग आले.

खरी तारांबळ पुढे आहे. खड्याच्या प्रत्येक पैलूवर किरण फुटतो. काही भाग आत परततो, काही बाहेर पडतो. दर टकरीला दुप्पट म्हणजे दहा टकरींनंतर १,०२४ वाटा आणि वीस टकरींनंतर १०,४८,५७६. त्याही एकाच किरणाच्या! जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये यावर उपाय मांडला. सगळ्या वाटा धरायच्याच नाहीत. दर वळणावर फासा टाकायचा, एक वाट निवडायची आणि अशा पुष्कळ किरणांची सरासरी काढायची. आपल्या भाषेत सांगायचं, तर शितावरून भाताची परीक्षा.

पण शितं किती घ्यायची? ४के चित्रात ८२,९४,४०० पिक्सेल असतात. प्रत्येकी हजार किरण सोडले, तर झाले ८२९ कोटी ४४ लाख. प्रत्येक किरण बारा वेळा आपटला, तर ९,९५३ कोटी टकरी. सेकंदाला शंभर कोटी टकरी तपासणारं ग्राफिक्स कार्ड धरलं, तर एका चित्राला शंभर सेकंद लागतात. सेकंदाला २४ चित्रं या हिशेबाने दहा सेकंदांच्या आरतीच्या दृश्याला साडेसहा तासांहून जास्त. शितं कमी घेतली की चित्र दाणेदार दिसतं, आणि हा दाणेदारपणा निम्मा करायला किरण चौपट लागतात. दहाव्या हिश्श्यावर आणायचा तर शंभरपट!

आता पेणहून रोह्याकडे चला. श्रावणात कुंडलिकेच्या खोऱ्यावर ऊन-पावसाचा खेळ चालू असतो. एक चौरस किलोमीटरवर नुसता एक मिलिमीटर पाऊस पडला, तरी पाणी होतं दहा लाख लिटर. थेंब दोन मिलिमीटर व्यासाचा धरला, तर सुमारे २४ हजार कोटी थेंब. त्यातला प्रत्येक थेंब म्हणजे एक लोलक, लाल रंग सुमारे ४२ अंशांवर आणि जांभळा ४० अंशांवर पाठवणारा. शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला इंद्रधनुष्य दिसतं ते त्याच क्षणी, एका सेकंदाचीही वाट न पाहता.

निसर्गाला हे परवडतं, कारण त्याच्याकडे शितांची वाण नाही. एक वॅट हिरव्या प्रकाशात सेकंदाला सुमारे २८ परार्ध फोटॉन असतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं, आपल्या जुन्या मोजणीतली शेवटची पायरी. आपल्या चित्रातले ८२९ कोटी किरण त्यापुढे ठेवले, तर ३४ कोटींत एक असं प्रमाण पडतं. तांदळाचा दाणा वीस मिलिग्रॅमचा धरला, तर ३४ कोटी दाणे म्हणजे पावणेसात टन तांदूळ.

ट्रकभर तांदळामागे एक शीत! तेवढ्यावरून मुकुटावरच्या खड्यातली ठिणगी लाल की हिरवी, हे अचूक सांगता येतं, याचं मला प्रत्येक वेळी नव्याने नवल वाटतं.