आधी मोडी शिका, मग काला अंब पाहा!

दिल्लीहून साधारण ९० किलोमीटरवर, पानिपतजवळ काला अंब स्मारक आहे. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत रक्ताने इथला आंबा काळा पडला, अशी आख्यायिका आहे. इथे आलात तर हात आपोआप जोडले जातील. पण त्या काळची मराठी पत्रं तुम्हाला वाचता येतील का? ती मोडीत आहेत!

आता या वयात कुठे शिकायचं, असं म्हणू नका. यूट्यूबवर मोडीचे मोफत धडे आहेत. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्येही आहे. रोज जेवणानंतर १५ मिनिटं रील्स बाजूला ठेवा, वही-पेन घ्या, नातवंडांनाही सोबत बसवा. फोन अक्षर दाखवेल, गिरवायचं मात्र आपणच. आजोबांच्या ट्रंकेतला जुना कागद उद्या कदाचित तुम्हीच वाचून दाखवाल!