ओरत्तनाडुचे छत्र : ज्ञान कोणाच्या हाती राहते?

तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडु येथे तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०२ च्या सुमारास दिवंगत प्रेयसी मुक्तांबाळ हिच्या नावाने छत्र, म्हणजे वाटसरूंना विनामूल्य अन्न व निवारा देणारी धर्मसंस्था, उभारले. जाणते माणूस गेले की कामही खोळंबते, या छोट्या व्यवसायांच्या नेहमीच्या अडचणीचा विचार करताना ही संस्था उपयोगी पडते.

१७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेल्यावर छत्रांना लावून दिलेल्या गावांचे उत्पन्न टिकावे म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटला, म्हणजे कंपनीच्या दरबारातील प्रतिनिधीला, पत्र पाठवले, आणि त्यात तंजावरच्या छत्रांचा रिवाज नोंदवला. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असल्यास जेवायला यावे, असा पुकारा होई. प्रत्येक छत्रात वेदांचे अध्यापक, पंतोजी आणि विषबाधेवरही उपचार जाणणारे वैद्य नेमलेले असत. परक्यांची अनाथ मुले पंतोजींच्या हवाली केली जात, त्यांना दर चार दिवसांनी तेल लावले जाई, आवडीची विद्या शिकवली जाई आणि ती आत्मसात झाल्यावर लग्नाचा खर्चही छत्र करी. कर्तव्ये व्यक्तीला नव्हे तर पदाला जोडलेली असल्याने माणूस बदलला तरी काय करायचे ते ठरलेले राही. कसे करायचे, हे मात्र सहवासातूनच शिकावे लागे.

‘कसे’चे हे ज्ञान, ज्याला तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी शब्दांत पूर्णपणे न मांडता येणारे ज्ञान मानले, जपण्याचा प्रयत्न दरबारात वैद्यकापुरता झाला : वैद्यांनी अनुभवाने पारखलेली औषधे कवींकडून तमिळ पद्यात बांधून घेतली गेली, आणि ती ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ओळखली जातात. दरबाराचे हिशेब व हुकूम मात्र मोडी लिपीत दप्तरी लागत.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्राविना वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. दप्तर टिकले, मोडी वाचणारे मात्र विरळ झाल्याने तंजावरच्या तमिळ विद्यापीठाला कागदपत्रांचे तमिळ भाषांतर हाती घ्यावे लागले.

म्हणून पेढी, कारखाना किंवा मुद्रणालय चालवणाऱ्याने जुन्या कारागिराकडून केवळ टिपणे लिहून घेणे पुरेसे नाही. तो कामावर असतानाच उत्तराधिकारी त्याच्या हाताखाली नेमून, ती टिपणे त्याला वापरायला लावून तपासणे आवश्यक ठरते, कारण नोंदीचा अर्थ लावणारा घडवणे हाही वारसा सोपवण्याचाच भाग आहे.