डी-३ वरचा घोडा

बुद्धिबळात पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले, की काळा बहुधा तसेच प्यादे समोर आणून उभे करतो. सिसिलियन बचावात तो तसे करत नाही. तो वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे, म्हणजे सी-पट्टीतले प्यादे दोन घरे ढकलतो. पट तिथेच कलतो. बरोबरीपेक्षा भांडण हवे असलेल्यांची ही सुरुवात.

हे भांडण कसे असते ते सांगायला मी नेहमी एकच डाव निवडतो. ऑक्टोबर १९८५, मॉस्को, जगज्जेतेपदाच्या लढतीतला १६ वा डाव. पांढरी मोहरी जगज्जेता अनातोली कार्पोव्हकडे, काळी २२ वर्षांच्या गॅरी कास्पारोव्हकडे. गुण साडेसात-साडेसात.

आठव्या चालीला कास्पारोव्हने प्यादे डी-५ वर ढकलून चक्क बळी दिले. बदल्यात त्याची मोहरी झटपट बाहेर आली, आणि १६ व्या चालीला त्याचा घोडा डी-३ वर, पांढऱ्याच्या थेट अंगणात जाऊन बसला. घरी पट असेल तर लावून पाहा. तिथून घोडा आठ घरांवर पहारा देतो. सी-१ आणि ई-१ बंद, म्हणून कार्पोव्हच्या हत्तींना मोकळ्या पट्ट्यांत येता येईना. बी-२ वरही त्याचीच नजर, त्यामुळे ए-४ वर कडेला पडलेल्या घोड्याची वाट अडलेली. दुसरा घोडा माघार घेऊन बी-१ वर. एक प्यादे जास्त, पण हलायला जागा नाही!

३४ व्या चालीला कार्पोव्हने वजिराने तो घोडा मारला. लगेच काळ्याचा दुसरा घोडा एफ-२ वर आला. राजाला शह आणि वजिरावर हल्ला, एकाच वेळी. वजीर गेला. ४० व्या चालीनंतर डाव संपला.

गंमत अशी, की प्याद्याचा तो बळी मुळात पक्का नव्हताच. १९८६ मध्ये ब्रसेल्सला वान डर वीलविरुद्ध कार्पोव्हनेच १२ व्या चालीला उंट ई-३ वर आणून त्यावर उतारा दाखवला. पण तो घरी शांतपणे सापडण्यासारखा. मॉस्कोत हाच बळी १२ व्या डावातही आला होता, तो डाव बरोबरीत सुटला. पटावर बसल्यावर, घड्याळ चालू असताना, कार्पोव्हला उत्तर मिळाले नाही.

९ नोव्हेंबरला २४ वा आणि शेवटचा डाव. किताब राखायला कार्पोव्हला तो जिंकणे भागच होते. कास्पारोव्हने काळ्या मोहऱ्यांनी पुन्हा सिसिलियनच खेळला, आणि लढत १३-११ अशी जिंकली.