जोंगा अंगणात राखताना

2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं वीस वर्षांवरच्या मोटारींच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी पाच हजारांवरून दहा हजार केली. एप्रिल 2022 पर्यंत हेच काम सहाशे रुपयांत होत होतं. पैसे जातात त्याचं दुःख आहेच, पण खरं झोंबतं ते वेगळंच. फी ठरते गाडीच्या वयावर. मालकानं ती कशी राखली, याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. जबलपुरात अंगणात जोंगा ही जुनी फौजी गाडी ठेवणाऱ्यांना हे जास्त लागतं, कारण ती इथलीच लेक आहे.

मूळ गाडी निसान पॅट्रोल पी-60. परवाना घेऊन ती इथं बनू लागली आणि जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्लीच्या आद्याक्षरांतून तिला नाव मिळालं. 1969 साली व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. पुढची वीस वर्षं गाड्या फौजेकडे जात राहिल्या आणि आम्ही त्या नुसत्या रस्त्यावर पाहत राहिलो. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

आमचा काळ नव्वदचा. फौजेच्या लिलावातून जुन्या जोंगा सुटू लागल्या, त्यातली एक आमच्याकडे आली. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, अ‍ॅम्बेसेडरचं दीड लिटरच्या आसपास. जोंगाचं 3956 सीसी, सरळ रांगेत सहा सिलिंडर, शंभराहून जास्त अश्वशक्ती. मंडल्याच्या रस्त्यावर चढाला तिच्याइतकी कुणी धावत नसे. स्पोर्ट्स कार आम्ही मासिकांत पाहायचो. हाताला लागलेली जोमदार गाडी हीच.

आणि ती घरीच दुरुस्त व्हायची. रविवारी डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडायची, जळलेले पॉइंट घासायचे, फीलर गेज घालून फट जुळवायची. प्लगच्या वायरी एक-पाच-तीन-सहा-दोन-चार याच क्रमानं लावायच्या. घरातल्या पोरांना हा क्रम पाढ्यासारखा पाठ होता. ब्रेकमधली हवा काढायला दोघं लागत. वहिनी पेडल दाबून धरायच्या, मी चाकाशी निपल सैल करून बुडबुडे संपेपर्यंत तेल सोडायचो. मे महिन्यात तर पेट्रोलची नळी तापून आतच वाफ धरायची आणि गाडी भर चौकात बंद पडायची. पंपावर ओलं फडकं टाकून थांबलं की पुन्हा सुरू. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, शेजारच्या काकांकडून मिळालं. काका फॅक्टरीतून निवृत्त झालेले खरादी. बाजारात न मिळणारा बुश ते रांझीतल्या एका लेथवर हातानं उतरवून द्यायचे आणि माप चुकलं तर स्वतःच फेकून पुन्हा करायचे. ज्यांनी ही गाडी बनवली तेच शेजारी राहत होते, म्हणून ती घरी दुरुस्त होत होती. मोठ्या शहरांतल्या शौकिनांना हे कधी कळलं नाही.

जोंगा पेट्रोल फार पिते, असं म्हणणारे तेव्हाही होते. लिटरला जेमतेम चार-पाच किलोमीटर, हे खरंच. पण म्हणून लाइन गुंडाळायची गरज नव्हती. डिझेल इंजिन वेळेवर बसवायला हवं होतं. ते बसवलं, सामान्यांसाठी मोजक्या गाड्या काढल्याही, पण नव्वदचं दशक सरत आलं होतं. फौजेनं तोवर जिप्सी घेतली होती. 1999 मध्ये जोंगा थांबली. हा निर्णय मला अजूनही पटत नाही.

2019 मध्ये महेंद्रसिंग धोनीनं जोंगा घेतली आणि एकाएकी आमच्याही दारात चौकशी करणारे येऊ लागले. सगळे विचारत किंमत. पॉइंट कुठले बसतात, हे एकानंही विचारलं नाही. 2021 च्या 1 ऑक्टोबरला आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, व्हेईकल फॅक्टरी आर्मर्ड व्हेईकल्स निगमकडे गेली. काका त्याच्या आधीच गेले. त्यांच्या वयाचे खरादी आता शोधूनही सापडत नाहीत, आणि त्यांची मुलं पुण्या-बंगळुरात आहेत.

पन्नास वर्षं उलटली की गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, असा 2021 चा नियम आहे. वीस हजार भरा, नंबरात ‘व्हीए’ लावा, आणि मग रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणू नका. बरगीच्या धरणापर्यंत सहज जाऊन यायचं म्हटलं तरी बंदी. त्यासाठी मी ही गाडी इतकी वर्षं राखली नाही. यंदा मी दहा हजारच भरणार आहे. फॅक्टरीकडे मात्र एक मागणं आहे: जोंगाची जुनी रेखाचित्रं कपाटात पडली असतील तर ती लोकांना विकत द्या. मापं मिळाली तर बुश उतरवून घेणारा कुणी तरी आम्ही शोधू.